कुंपणाची निगा

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावयाची, अशी म्हण आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. म्हणीतल्या कुंपणावर हा आळ आला आहे खरा. परंतु परसातील लाकडी कुंपणाजवळ जाऊन पाहिले, तर निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. तेथे कुंपण कोणाला खात नाही; उलट त्या बिचाऱ्यालाच कोणी तरी रात्रंदिवस खात असते. हे खाणारे कोण, ते नेमके कोठून आत शिरतात आणि त्यांना दूर कसे ठेवावयाचे, हे एकदा समजले म्हणजे कुंपणाची निगा राखणे फारसे अवघड नाही.

कोकणातील घरामागचे परसू म्हणजे केवळ मोकळी जागा नव्हे. तेथे विहीर असते, पाण्याच्या पाटाच्या कडेने केळी व अळू असते, मांडवावर पडवळ आणि दोडकी लोंबत असतात, कोपऱ्यात वांग्यांची व मिरच्यांची रोपे असतात. घरच्या माणसांनी सकाळ-संध्याकाळ पाणी घालून वाढविलेला हा भाजीपाला एखादी मोकाट गाय किंवा शेळी एका रात्रीत फस्त करू शकते. म्हणून परसाला आडोसा हवाच. जेथे जांभा दगड विपुल आहे, तेथे लोक दगडांचा गडगा रचतात. जेथे तो नाही, तेथे लाकडाचे खांब रोवून त्यांवर बांबूच्या कामट्या किंवा फळ्या आडव्या बांधतात. अशा कुंपणाला कित्येक ठिकाणी वई असेही म्हणतात. गुरांना अडविण्याचे काम ते चोख करते. माकडांना मात्र ते अडवीत नाही, हे कोकणातील मुलांना कोणी सांगावयास नको!

कोकणात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांतच पडतो. एवढ्या पावसात लाकूड कुजणारच, असे म्हणून बहुतेक लोक स्वस्थ बसतात आणि तीन-चार वर्षांनी नवे खांब तोडून आणतात. ह्या स्वस्थपणाचा हिशेब मांडून पाहा. समजा, एका वाडीच्या कुंपणाला शंभर खांब लागतात. ते दर तीन वर्षांनी बदलावे लागले, तर तीस वर्षांत एक हजार खांब खर्ची पडतील. तेच खांब दहा वर्षे टिकले, तर तीनशे खांबांत काम भागेल. उरलेल्या सातशे खांबांचे लाकूड रानात झाडांच्या रूपाने उभे राहील.

आता कुंपण कुजते ते कोठे, ह्याचा शोध घेऊ. एखादा जुना, मोडलेला खांब मिळाला, तर तो मुद्दाम उपटून नीट न्याहाळावा. त्याचा वरचा भाग उन्हापावसाने करडा पडलेला व थोडासा चिरलेला दिसेल, पण हातोडीने ठोकला तर तो अजून टणत्कार करील. जमिनीत खोल गेलेला बुडखाही पुष्कळदा अगदी शाबूत निघतो. मात्र जेथे खांब जमिनीतून वर डोके काढतो, त्या ठिकाणी, मातीच्या पातळीच्या वीतभर वर आणि वीतभर खाली, लाकूड भुसभुशीत झालेले असते आणि खांब मोडतो तो तेथेच. वरचा भाग चांगला, खालचाही चांगला, आणि मधलीच वीत तेवढी वाईट. हे असे का व्हावे?

ह्याचे उत्तर बुरशीत आहे. लाकूड नुसत्या पाण्याने कुजत नाही. ते कुजविते ती बुरशी. पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर किंवा चामड्याच्या वहाणांवर जी बुरशी धरते, तिचीच काही भावंडे लाकडावर जगतात. त्यांची बीजुके डोळ्यांना न दिसण्याइतकी सूक्ष्म असून हवेत सर्वत्र तरंगत असतात. ती लाकडावर पडली व त्यांना अनुकूल परिस्थिती मिळाली, की त्यांतून केसाहूनही बारीक तंतू फुटतात आणि ते लाकडाच्या आत शिरून त्याचे घटक विरघळवून खातात. परंतु त्यासाठी त्यांना अन्नाबरोबरच पाणी, हवा आणि ऊब ही तिन्ही लागतात. शंभर भाग कोरड्या लाकडात पाण्याचे प्रमाण वीस भागांहून कमी असेल, तर ही बुरशी वाढू शकत नाही. खांबाचा वरचा भाग पाऊस थांबताच वाऱ्याने वाळतो, म्हणून तो वाचतो. खोल जमिनीत ओल पुष्कळ असते, पण हवा फार थोडी पोहोचते, म्हणून तेथील लाकूडही बरेच दिवस टिकते. मधल्या विती‍च्या जागी मात्र मातीची ओल आणि वरची हवा ही दोन्ही एकदमच मिळतात. बुरशीला ह्याहून चांगला संसार कोठे मिळणार? विहिरीच्या कामात जांभळीचे लाकूड वापरण्याची जुनी रीत होती. सतत पाण्याखाली असलेले ते लाकूड वर्षानुवर्षे टिके, ही गोष्ट ह्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे.

ह्यावरून कुंपणाच्या निगेचे निम्मे शास्त्र हाती येते. बुरशीचे अन्न म्हणजे खुद्द लाकूड, ते आपण काढून घेऊ शकत नाही. आपल्या हवेतील ऊब कमी करणेही आपल्या हाती नाही. पाणी मात्र दूर ठेवता येते. म्हणून खांब रोवताना खड्ड्याच्या तळाशी टीचभर जाडीचा खडीचा थर घालावा, म्हणजे बुडख्याखाली पाणी तुंबत नाही. खांबाभोवतीची माती नीट चोपून सपाटीहून थोडी उंच करावी व तिला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. कित्येकदा लोक मोठ्या हौसेने खांबाभोवती सिमेंटचा गिलावा करतात, पण त्याला वाटीसारखा खोलगट आकार राहू देतात. अशा वाटीत प्रत्येक सरीचे पाणी साचते आणि ज्या खांबाच्या रक्षणासाठी एवढा खर्च केला, तोच सर्वांच्या आधी कुजतो. सिमेंट घालावयाचेच असेल, तर त्याचा माथा उतरता असला पाहिजे. तसेच खांबांच्या पायथ्याशी पालापाचोळ्याचे ढीग किंवा शेणखत साचू देऊ नये. पाचोळा झाडांच्या मुळांपाशी फार उपयोगी असतो, कारण तो ओल धरून ठेवतो; आणि नेमक्या ह्याच गुणामुळे तो खांबाचा वैरी ठरतो.

पाणी खालूनच येते असे नाही. लाकूड म्हणजे उभ्या, अतिशय बारीक नळ्यांची मोळी होय. झाड जिवंत असताना ह्या नळ्यांतूनच पाणी मुळांपासून पानांपर्यंत चढत असते. खांब आडवा कापला म्हणजे ह्या नळ्यांची तोंडे उघडी पडतात, आणि खांबाच्या बाजूंनी जेवढे पाणी आत मुरते, त्याच्या कितीतरी पट ह्या उघड्या माथ्यातून मुरते. म्हणून खांबाचा माथा सपाट न ठेवता तिरपा तासावा, म्हणजे पाणी निथळून जाईल. त्यावर पत्र्याची लहानशी टोपी ठोकली तर अधिक चांगले. पत्रा नसेल तर नारळाची करवंटी पालथी घातली तरी चालते. कोकणात करवंट्यांना काय तोटा! फळ्यांचे कुंपण असेल, तर फळ्यांची खालची टोके मातीत टेकू देऊ नयेत. चार बोटे अंतर सोडावे.

बुरशीचा बंदोबस्त झाला तरी दुसरा शत्रू शिल्लक राहतोच, तो म्हणजे वाळवी. वाळवीला कोणी पांढरी मुंगी म्हणतात, परंतु ती मुंगी नव्हे; प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती झुरळाची नातलग आहे. तिचे अंग मऊ असते, उजेड व कोरडी हवा तिला सोसत नाही. त्यामुळे जमिनीतून खांबावर चढताना ती मातीची बारीक नळी बांधते आणि त्या झाकलेल्या वाटेने ये-जा करते. वरून पाहणाऱ्याला खांब धडधाकट दिसतो, पण आतून तो पोखरून गेलेला असतो. आपल्याकडील वारुळे करणाऱ्या वाळवीची एक गंमत अशी, की ती लाकूड नुसते खात नाही, तर वारुळात त्यावर चक्क बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळांवर जी रुचकर अळंबी उगवतात, ती ह्याच शेतीला आलेली फळे होत. म्हणजे आपल्या कुंपणाचे दोन्ही शत्रू वारुळात एकत्र नांदतात असे म्हणावयास हरकत नाही! अळंबी ओळखणे हे जाणत्या माणसाचे काम आहे. विषारी जातीही तशाच दिसतात, म्हणून मुलांनी ती परस्पर तोडून आणू नयेत. खांबावर मातीची नळी दिसली, की ती काडीने खरवडून टाकावी व चार दिवसांनी पुन्हा पाहावे. नळी पुन्हा बांधलेली आढळली, तर वाळवी अजून त्या खांबावर येते आहे असे समजावे आणि घरातील वडील माणसांना सांगावे.

सगळीच लाकडे ह्या शत्रूंना सारखी बळी पडत नाहीत. जाड झाडाचा आडवा छेद पाहिला तर बाहेरचा भाग फिकट आणि आतला गाभा गडद दिसतो. बाहेरच्या भागाला रसकाष्ठ व गाभ्याला मध्यकाष्ठ म्हणतात. रसकाष्ठात पिष्ठ व साखर असते, त्यामुळे ते किड्यांना व बुरशीला गोड लागते. कोणत्याही झाडाचे असो, ते फार दिवस टिकत नाही. मध्यकाष्ठात पुष्कळ झाडे अशी द्रव्ये साठवितात, की जी बुरशीला व वाळवीला रुचत नाहीत. सागाचा टिकाऊपणा आहे तो ह्या गाभ्यात. म्हणून सागाचा कोवळा, सगळा फिकट असा वासा आणून तो साग आहे म्हणून निर्धास्त राहणे, ही स्वतःची फसवणूक आहे.

कोणते लाकूड किती टिकते, हे ठरविण्यासाठी देहरादून येथील वनसंशोधन संस्थेने फार मोठे काम केले आहे. ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. तेथे वेगवेगळ्या झाडांच्या मध्यकाष्ठाचे साठ सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर जाड व रुंद असे तुकडे करून ते ओळींनी उघड्या जमिनीत अर्धे पुरतात आणि ठराविक काळाने उपटून तपासतात. ओळीने रोवलेले ते खुंट थडग्यांवरील खुणांसारखे दिसत असल्यामुळे की काय, ह्या परीक्षेला 'स्मशान-परीक्षा' असे नाव पडले आहे! जे लाकूड सरासरीने १२० महिने किंवा त्याहून अधिक टिकते, ते पहिल्या वर्गाचे. ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या वर्गाचे. आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गाचे. सागाचा गाभा पहिल्या वर्गात बसतो, तर आंबा व सावर ही झाडे तिसऱ्या वर्गात जातात. आंब्याने आपल्याला फळ द्यावे, खांब देऊ नये, हेच बरे.

परंतु पहिल्या वर्गाचे लाकूड महाग असते आणि सर्वांना परवडत नाही. साध्या लाकडाचे आयुष्य वाढविण्यासाठी माणसाने नाना उपाय शोधले आहेत. खांबाचा बुडखा विस्तवावर भाजून काढणे हा त्यांतला अगदी जुना उपाय. भाजल्यामुळे लाकडावर कोळशाचा थर येतो, आणि कोळसा बुरशीही खात नाही व वाळवीही खात नाही. मात्र हा थर पातळ असतो. त्याला तडा गेला की आतील लाकूड उघडे पडते. म्हणून नुसत्या भाजण्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल होड्यांना व लाकडाला लावण्याची रीत आहे. हे तेल काळसर, दाट व मोठे गुणकारी असते, पण ते अंगाला लागले तर कातडीवर फोड उठतात. म्हणून ते मुलांनी हाताळावयाचे नाही. डांबर लावल्यानेही पाणी अडते, परंतु लाकूड ओले असताना डांबर फासले, तर आतली ओल आतच कोंडते आणि कुजणे थांबण्याऐवजी वाढते. आधी लाकूड पुरते वाळवावे, मग लेप द्यावा, हा नियम सर्वच लेपांना लागू आहे. मोटारीचे जळके तेल काही लोक फुकट मिळते म्हणून लावतात. ते पावसाने धुऊन मातीत उतरते आणि त्याच मातीत आपण खाण्याची भाजी लावलेली असते, तेव्हा परसात त्याला थारा न दिलेला बरा.

जमिनीच्या वरील भागाला जवसाचे उकळलेले तेल उत्तम. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते आणि लाकडावर पातळ कवच धरते. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी, मृग नक्षत्र निघण्यापूर्वी, कडक उन्हात वाळलेल्या लाकडावर त्याचा हात द्यावा. येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. हे तेल प्राणवायू शोषते तेव्हा उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर ती उष्णता आतच साठत जाते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. अशा चिंध्या मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

लाकडाला वरून लेप देण्याऐवजी औषध त्याच्या आतच भरता येईल काय, असा विचार शास्त्रज्ञांच्या मनात आला. इंग्लंडमध्ये जॉन बेथेल ह्यांनी १८३८ साली लाकूड बंद टाकीत घालून, आधी त्यातील हवा काढून घेऊन, मग दाबाने त्यात डांबरापासून काढलेले तेल भरण्याची रीत शोधून काढली. रेल्वेच्या रुळांखालचे लाकडी स्लीपर अशा रीतीने टिकाऊ होऊ लागले. पुढे १९३३ साली देहरादूनच्या त्याच वनसंशोधन संस्थेत डॉ. सोंटी कामेशम ह्या भारतीय शास्त्रज्ञांनी ह्याहून पुढचे पाऊल टाकले. मोरचुदातील तांबे बुरशीला मारते आणि सोमल किड्यांना मारतो, हे पूर्वीपासून माहीत होते. पण ही दोन्ही विषे पावसाने धुऊन जात. कामेशम ह्यांनी त्यांत क्रोमियमचा क्षार मिसळला. त्यामुळे तांबे व सोमल लाकडाच्या तंतूंना घट्ट चिकटून बसले. 'आस्कू' ह्या नावाने प्रसिद्धीस आलेले हे औषध पुढे अनेक देशांत तारांच्या खांबांना, धक्क्यांना व कुंपणांना वापरले गेले. भारतीय प्रयोगशाळेतून निघालेल्या एका शोधाने जगभरची कोट्यवधी झाडे तुटण्यापासून वाचविली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि सोमल तो सोमलच. घट्ट बसलेल्या विषातलाही थोडा अंश वर्षांमागून वर्षे बाहेर पाझरतो, हे ध्यानात आल्यावर २००३ साल अखेरीपासून अमेरिकेत घरगुती कुंपणांसाठी व मुलांच्या खेळण्याच्या जागांसाठी अशा लाकडाचा नवा वापर बंद करण्यात आला. युरोपातही त्यावर कडक बंधने आली. आता त्याच्या जागी सोमल नसलेली तांब्याची औषधे वापरतात. असे औषध भरलेले जुने, हिरवट झाक असलेले लाकूड कोठे मिळाले, तर ते चुलीत कदापि घालू नये, कारण त्याच्या धुरात व राखेत विष उतरते. परसातील भाजीच्या वाफ्यालगतही ते लावू नये. कामेशम ह्यांची थोरवी ह्यामुळे उणी होते, असे मात्र मला वाटत नाही.

एवढी काळजी घेऊनही वर्षातून एकदा कुंपणाची तपासणी केली पाहिजे. त्यासाठी दिवाळीनंतरचे दिवस सोयीचे, कारण पावसाने केलेले नुकसान तोपर्यंत उघड झालेले असते. हे काम तुम्ही मुलेही करू शकता. बरोबर एक दाभण घ्यावे. प्रत्येक खांबाच्या पायथ्याची माती चार बोटे उकरावी, दाभण लाकडात तिरपे खुपसावे आणि वर उचकटावे. लाकूड चांगले असेल तर लांब, चिवट धलपी निघते. कुजके असेल तर धलपी जागच्या जागी तुटून तिचा चुरा होतो. कामट्या ज्या सुंभाने बांधलेल्या असतात, तोही ओढून पाहावा. काथ्याचा सुंभ ओलीत चांगला टिकतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण त्याच्या चिवटपणाला साजेशीच आहे. जेथे खिळे मारलेले आहेत, तेथे ते जस्ताचा मुलामा दिलेले असावेत, कारण साध्या खिळ्यांना गंज चढला की त्याभोवतीचे लाकूडही काळे पडून ठिसूळ होते.

एखादा खांब पायथ्याशी कुजलेला आढळला, म्हणून तो लगेच फेकून देण्याचे कारण नाही. वरचा भाग चांगला असतो, हे आपण पाहिलेच. शेजारी एक आखूड, टिकाऊ खुंट रोवून जुन्या खांबाचा वरचा भाग त्याला बांधला, तर काही वर्षे तो सहज निघतो. नवाच खांब घालावयाचा असेल, तर जुन्या खड्ड्यातील कुजके तुकडे वेचून काढून मगच तो रोवावा.

शेवटी, ज्या खांबाला ह्यांपैकी काहीच करावे लागत नाही, अशा एका खांबाविषयी सांगितले पाहिजे. पांगारा किंवा गिरिपुष्प ह्यांची जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडावर तोडून जमिनीत रोवली, तर तिला मुळे फुटतात व खांबाचे झाड होते. जिवंत झाड बुरशीशी स्वतःच झुंजते. जखम झाली तर ती भरून काढते. मेलेल्या लाकडाला हे करता येत नाही, म्हणून तर त्याची निगा माणसाला राखावी लागते. शेर व मोगली एरंड ह्यांचेही असे जिवंत कुंपण करतात, परंतु शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यांना गंभीर इजा होते आणि मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्याने मुलांना विषबाधा होते, म्हणून त्या दोहोंपासून लांब राहावे. गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेकडचे. उंदीर मारणारे, असा त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ आहे. त्याच्या फांद्या मात्र दरवर्षी छाटाव्या लागतात, नाहीतर कुंपणाची सावली वाफ्यांवर पडते. छाटलेला हा कोवळा पाला कोकणातील शेतकरी भाताच्या लावणीपूर्वी खाचरात पसरून चिखलात तुडवितात, आणि थोड्याच दिवसांत त्याचे खत होऊन जाते.